कुरडयांवरचं जाळं

मंदा, परवा तुझी शोकसभा झाली. खाली पार्किंगमध्ये, जिथं आपण टँकरची वाट बघत बादल्या मांडून बसायचो तिथंच. तुझ्या फोटोला मोगऱ्याचा हार होता. फोटो कुठल्याशा लग्नातला होता, त्यात तू डोळे मिटायच्या बेतात आहेस, आणि तुझ्या नवऱ्याला बिचाऱ्याला तेवढाच सापडला. सबनीस वहिनी बोलायला उभ्या राहिल्या. मंदाताईंच्या हाताला चव होती म्हणाल्या, मंदाताई म्हणजे आपल्या बिल्डिंगचा जीव होत्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावला. बाकीच्यांनीही लावले. मी मागच्या खुर्चीत होते. तू शेजारी असतीस तर माझ्या मांडीला चिमटा काढला असतास, गप्प बस म्हणून. चिमटा काढायला तू नव्हतीस तरी मी गप्पच बसले. का बसले ते तुलाच सांगायचंय.

तू गेल्याचं दुःख आहे. नाही कसं असेल? सकाळी दूध घेताना वर तुझ्या दाराकडे बघायची सवय अजून मोडत नाही. पण खरं सांगू का, आत्ता दुःखापेक्षा राग जास्त आहे. त्यांचा आहे, आणि तुझाही आहे.

आठवतं का, सत्त्याऐंशी साली आपण राहायला आलो तेव्हा बिल्डिंगला रंगाचा वास येत होता आणि नळाला काहीच येत नव्हतं. भाईंदरला नवघरच्या शेतांत चार-पाच इमारती उगवलेल्या, गच्चीवरून पार खाडीपर्यंत मिठागरं दिसायची. कोणी गिरगावातून आलेलं, कोणी परळहून, हंसाबेन मालाडहून. मुंबईत जागा परवडेना म्हणून आम्ही सगळे इथं येऊन पडलेलो. त्यात तू एकटीच इथली, उत्तनजवळच्या पालीची, कोळ्याची पोर. आणि गंमत बघ, आम्ही उपरे तुलाच विचारायचो, तुम्ही इकडे कशा काय आलात? तू हसून सांगायचीस, बसनी.

वाळवणाचं खूळ तुझंच. तू चौथ्या मजल्यावर राहायचीस म्हणून गच्चीची किल्ली तुझ्याकडे. पहिल्याच उन्हाळ्यात मी घरात, पंख्याखाली, वर्तमानपत्रावर चार साबुदाण्याच्या पापड्या घालून बसले होते. तू दारातून बघितलंस आणि म्हणालीस, "एवढी मोठी गच्ची हाय, आणि तू पापड्यांना वारा घालतेस?" मग दारोदार फिरलीस. मे महिन्यातला दुसरा शनिवार ठरवलास, कारण त्या शनिवारी कचेऱ्यांना सुट्टी, पुरुषमाणसं हाताशी सापडतात. कुरडयांचा चीक ढवळायला मनगट लागतं, ते तुझ्या नवऱ्यापासून सबनीस भाऊंपर्यंत सगळ्यांना तू कामाला लावलंस. बनियनवर उभे राहून घाम पुसत, एकमेकांना सल्ले देत त्यांनी तो पातेलंभर चीक ढवळला. गाठी झाल्या. त्या गाठींच्या कुरडया वर्षभर आपण त्यांनाच वाढल्या.

तीन दिवस गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, आणि पाणी तर टँकरचं. बदललेलं पाणी तू फेकू द्यायची नाहीस, जिने त्याच पाण्यानं धुवायचे. शनिवारी उजाडता उजाडता गच्चीवर स्टोव्ह पेटायचे. एका कोपऱ्यात माझा सोऱ्या, एका कोपऱ्यात हंसाबेनचं खीचिया पापडांच्या उकडीचं पातेलं, मधे तुझ्या तांदळाच्या पापड्या. मुलं गरम चीक वाटीत घेऊन तेल घालून खायची आणि पापडाच्या लाट्या चोरायची. दुपारी पोटं दुखायची. रविवारी संध्याकाळी अर्धवट वाळलेलं का असेना, पहिलं तळण गच्चीवरच व्हायचं. त्याच्याबरोबर पन्हं, हाउझी, मुलांचे नाच, आणि सबनीस भाऊंचं ते न संपणारं गाणं. पुढं पुढं शेजारच्या दोन बिल्डिंगमधलीही माणसं यायला लागली. माझ्या माहेरचे मला म्हणायचे, भाईंदरला राहतेस, तिकडं आहे काय? मी म्हणायची, मे महिन्यात या, मग बोला.

तुला त्यात नेमकं काय हवं होतं ते मला एकटीला माहीत होतं. पहिल्या वर्षी सगळं आवरून झाल्यावर टाकीला टेकून बसलो होतो. तू पायाला लागलेला चीक खरवडत म्हणालीस, "मला या बिल्डिंगीत पाव्हणी म्हणून ऱ्हायचं न्हाय, शुभा. कोणी घरात येऊन डबा उघडून खाल्लं ना, मंग मी इथली." मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मला कोणी कधी पाहुणी समजलंच नव्हतं, मग मला कसं कळणार?

त्या पहिल्या वर्षी कावळ्यांनी मात्र आपली शोभा केली. मिठागरांवरचे सगळे कावळे जणू आमंत्रण दिल्यासारखे आले. मुलं काठ्या घेऊन बसली आणि अर्ध्या तासात काठ्यांनी आपसात लढायला लागली. सबनीस वहिनींच्या पोह्याच्या पापडांची तर रांगोळी झाली. म्हणून दुसऱ्या वर्षी तू पालीहून येताना जाळं घेऊन आलीस.

मला तो दिवस लख्ख आठवतो. बसमधून उतरलीस ती डोक्यावर गाठोडं घेऊन. बारीक विणीचं, सुती दोऱ्याचं, काळपट तपकिरी जाळं. आमच्या बाबाचं जाळं, म्हणालीस. एवढंच. मग दोन दिवस तू ते गरम पाण्यातून काढत होतीस. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. टँकरचं तुझ्या वाट्याचं पाणी त्यात गेलं. आम्ही सगळ्या बघत होतो आणि मनातल्या मनात कारण समजून घेत होतो. वास जावा म्हणून धुतेय, असं प्रत्येकीला वाटलं, आणि प्रत्येकीनं ते न बोलता पोटात घातलं. तुला कोणी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस. फक्त हंसाबेन, जी कांदासुद्धा वेळ बघून खायची, तिनं जाळं हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "मच्छी तो दरिया में रह गई, ये तो डोरी है." आणि आपल्या खीचियांवर स्वतः पसरलं.

पाण्याच्या टाकीच्या पाइपाला दोन टोकं, धुण्याच्या दोरीच्या खांबांना दोन, आणि मधे उपड्या बादल्यांचा टेकू. ऊन आत, कावळे बाहेर. ते कठड्यावर बसून नुसते बघत राहिले. सबनीस वहिनींना इतका आनंद झाला की म्हणाल्या, मंदा, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. दर वर्षी जाळ्याचं एक टोक त्याच धरायच्या. टाकीकडचं टोक म्हणजे त्यांचंच, दुसऱ्या कोणी धरलं तर फुरंगटायच्या.

इतके उन्हाळे गेले, मंदा. आपली मुलं काठ्या घेऊन बसायच्या वयातून मिशा फुटायच्या वयात गेली. नळाला पाणी आलं. बिल्डिंगला दुसरा रंग लागला. आणि मग तो शहाण्णवचा रविवार आला.

सबनिसांच्या सुनीताचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या विहीणबाई भेटायला आल्या होत्या, माळकरी, साध्या, बोलायला गोड. वहिनी त्यांना मोठ्या कौतुकानं गच्चीवर घेऊन आल्या. आमच्याकडे असं असतं, आमच्याकडे तसं असतं, या कुरडया तुमच्याकडेच यायच्यात. विहीणबाईंनी खाली वाकून बघितलं आणि सहज विचारलं, हे जाळं कसलं हो, मासे धरायचं दिसतंय.

वहिनींचा चेहरा मी बघितला. त्यांनी पदर सारखा केला. विहीणबाईंच्या आवाजात नाराजी नव्हती, नाक मुरडणं नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. पण वहिनींनी तुझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मंदाताई, तुम्ही आधी सांगायचं तरी. आम्हाला काय माहीत?"

तुम्ही. इतकी वर्षं तू होतीस, त्या क्षणी तुम्ही झालीस.

विहीणबाई म्हणत होत्या, अहो असू द्या, मी आपलं विचारलं. पण त्यांचं ऐकतंय कोण! वहिनींनी आपल्या कुरडया गोळा करायला घेतल्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी घेतल्या. मग बाकीच्यांनी. ज्यांच्या घरी दर रविवारी सुरमई तळली जाते, ज्यांच्या डब्यात तूच दिलेले सुके बोंबील असतात, त्या आपल्या माणसांना एकाएकी वास यायला लागला. बाई गं, आम्हाला तर माहीतच नव्हतं, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांचं सगळं वाळवण गेटपाशी कचऱ्याच्या पिंपात गेलं, आणि तिथं कावळ्यांनी निवांत बसून खाल्लं. त्यांना त्या दिवशी तरी न्याय मिळाला.

हंसाबेननं फेकलं नाही. ती आपले खीचिया डब्यात भरून, कोणाकडे न बघता खाली निघून गेली. ते तिनं खाल्ले, मला माहीत आहे. पण तोंडातून शब्द काढला नाही. तिचाही मला राग आला होता, आता तेवढा नाही.

मी मात्र बोलले. वहिनींना म्हटलं, टाकीकडचं टोक कोण धरत होतं इतकी वर्षं? माझा आवाज चढला होता. आणखी बरंच काही बोलणार होते, तर तू माझा दंड धरलास आणि मला जिन्याकडे ओढलंस. मला, त्यांना नाही.

आपलं भांडण झालं ते तुझ्या स्वयंपाकघरात. मी म्हटलं, तू उभ्या उभ्या ऐकून कसं घेतलंस? एक शब्द बोलायला हवा होतास. मी म्हटलं, तुला चांगलं म्हणवून घ्यायची इतकी हौस आहे की कोणी तोंडात मारली तरी तू गाल चोळत चहा विचारशील. फार लागेल असं बोलले. तू जाळ्याची घडी घालत होतीस, कोपऱ्याला कोपरा जुळवून, लुगड्याची घालावी तशी. तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "बोलून काय व्हनार हाय? बापाला धुऊन काढू काय मी?"

मला वाटलं, रागानं काहीतरी बोललीस. त्याचा अर्थ मी विचारला नाही. दार ओढून खाली आले.

पावसाळा सुरू होईपर्यंत आपण नीट बोललो नाही. मग एके दिवशी तू वाटीभर बोंबलाची चटणी घेऊन आलीस, भाकरी आहे का म्हणालीस, आणि आपण जेवलो. जाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मी चार वेळा काढायला गेले, चारही वेळा तू मुलांच्या परीक्षेचं विचारलंस.

पुढच्या मे महिन्यात वाळवण झालंच नाही. त्याऐवजी खाली मांडव पडला, कापडी फलक लागला, पावभाजीवाला आला, भाड्याचे स्पीकर आले. सगळ्यांना कामं वाटून दिली. मला कूपनं फाडायला बसवलं. तू विचारायला गेलीस, मी काय करू, तर वहिनी इतक्या गोड हसल्या. मंदाताई, तुम्ही आराम करा, म्हणाल्या, तुम्ही आधी खूप केलंय. तुला खुर्ची दिली. पहिल्या रांगेत, पंख्यासमोर. तू त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होतीस ते बघून मी पावभाजी तशीच टाकून वर गेले. त्यानंतरच्या दोन्ही मे महिन्यांत तू शुक्रवारीच पालीला जायला लागलीस. आयेला बरं नाही, म्हणायचीस. आये चांगली ठणठणीत होती.

माझा तुझ्यावरचा राग हा होता. तू बिल्डिंगमध्ये राहत होतीस, जिन्यात सगळ्यांशी हसत होतीस, वहिनींच्या सुनीताच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू करून दिलेस. आणि मी दर वेळी मनात म्हणायची, हिला कणा नाही. कावीळ झाली तेव्हा हॉस्पिटलात तुझ्याजवळ बसले होते, तेव्हाही तेच मनात होतं. तू पिवळी पडली होतीस, हात नुसता काडी. म्हणालीस, शुभा, गहू चांगला बघून घे यंदा, गेल्या वर्षी चीक कमी पडला. मी म्हटलं, गेल्या वर्षी कुठं घातला होता आपण? तू म्हणालीस, मी घातला होता, पालीला. मी हसले. तिथंच विचारायला हवं होतं, कोणासाठी घातला होतास, आणि कुठल्या जाळ्याखाली. पण नर्स आली.

तेराव्याला तुझी आये आली होती. सगळे गेल्यावर ती माळ्याखाली उभी राहून वर बघत होती. मला म्हणाली, जाला दे काडून. मी स्टूल घेऊन चढले. जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं, घडी तीच, कोपऱ्याला कोपरा. आयेनं ते मांडीवर घेतलं आणि हात फिरवत बसली. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, की मंदानं किती मेहनतीनं धुतलं होतं, वास राहू नये म्हणून.

आयेनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खुळी आहे.

"वास कसला? नवा जाला हाय तो," ती म्हणाली. "दर्यात कवा गेलाच न्हाय. तिच्या बापानी विनला, पावसात होड्या बंद व्हत्या तवा, पोरीच्या पापडांना. रंग निघंल आन् कुरडया काल्या व्हतील, म्हनून धुवाया सांगितला मीच तिला."

सालीचा रंग, मंदा. जाळं टिकावं म्हणून तुझ्या बाबांनी झाडाच्या सालीच्या रंगात बुडवलं होतं. तू तीनदा गरम पाण्यातून काढलंस ते आमच्या कुरडया पांढऱ्या राहाव्यात म्हणून. त्या जाळ्याला कधी मासोळीचं खवलंसुद्धा लागलं नव्हतं.

मी तुझ्या स्वयंपाकघरात खाली बसले. तुझ्याकडे ते एक वाक्य होतं. त्या रविवारी गच्चीवर तू एवढंच म्हणाली असतीस, हे नवं आहे, वाळवणासाठीच विणलंय, तर वहिनी हसल्या असत्या, विहीणबाई हसल्या असत्या, कुरडया जाळ्याखालीच राहिल्या असत्या आणि संध्याकाळी हाउझी झाली असती. तुला जे हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. आणि तू ते बोलली नाहीस. कारण ते बोलायचं म्हणजे कबूल करायचं, की समुद्रात गेलेलं असतं तर त्यांचं बरोबर होतं. बाबांच्या इतर जाळ्यांचं काय मग? बाबांच्या हातांचं काय?

आणि मी तुला म्हणत होते, कणा नाही.

पण मला का नाही सांगितलंस गं? याचा राग कसा घालवू ते तूच सांग. त्यांना नको, मला सांगायचंस. चटणी-भाकरी खाताना सांगायचंस, हॉस्पिटलात सांगायचंस. उत्तर मला माहीत आहे. मी त्याच संध्याकाळी मजल्यामजल्यावर फिरून सगळ्यांना सांगितलं असतं. तुझी बाजू घेते आहे असं समजून तुझं सगळं घालवून बसले असते. तू मला बरोबर ओळखून होतीस, आणि हे फार झोंबतं.

आयेनं जाळं माझ्या हातात दिलं. माझ्याकडं कोण पापड घालनार आता, म्हणाली.

म्हणून परवा शोकसभेत मी गप्प बसले. जीभ शिवशिवत होती. त्या सगळ्या पदर लावून बसलेल्या, आणि माझ्याकडे ते वाक्य. उठून म्हणावं, बायांनो, ते जाळं कोरं होतं. आणि मग मला त्यांचे चेहरे दिसले. लाज वाटली असती, पण क्षणभरच. मग त्यांनी सुस्कारा टाकला असता. अगंबाई, म्हणजे काहीच नव्हतं तर, आपण उगाच फेकलं. तू मेल्यावर तुला शुद्ध करून घेतलं असतं आणि घरी जाऊन पोटभर जेवल्या असत्या. तो सुस्कारा मी त्यांना मिळू देणार नाही.

खुर्च्या उचलताना वहिनी माझ्याजवळ आल्या. डोळे खरंच लाल होते, खोटं कशाला बोलू. म्हणाल्या, शुभाताई, यंदा मे महिन्यात मंदाताईंच्या आठवणीसाठी पुन्हा गच्चीवर वाळवण घालू या, त्यांच्या नावानं, पूर्वीसारखं सगळ्यांनी मिळून. मी हातातली खुर्ची मिटून ठेवली. मग त्यांनी आवाज खाली आणला. ते जाळं होतं ना त्यांचं, म्हणाल्या, ते कुठं असेल? ते असतं तर बरं झालं असतं, कावळे फार झालेत.

जाळं माझ्या पलंगाखाली होतं. मी त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"मला काय माहीत?" मी म्हटलं.